धर्माधिकारी सरांच्या गाडीतला थर्मोस्टॅट

आमच्या वर्कशॉपमध्ये चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते सरांच्या गाडीचं सांगा ना." मग मी विचारते, त्यातलं कुठलं? कारण गाडी एक, काम एक, तेही खरं तर अर्ध्या दिवसाचं. पण त्यातून इतके किस्से निघाले की त्यांचा क्रम मलाच ध्यानात ठेवावा लागतो. किस्से ठरवून गोळा करायला गेलं तर एक हाती लागत नाही. 'हे काम तरी सरळ होऊ दे' असं म्हणून सुरुवात केली की मात्र ढीग लागतो.

आधी माणसं सांगते. नगरच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे, माझं आणि अंकुश मिस्त्रींचं, भागीदारीत. जुन्या मिनीबस घ्यायच्या, आतल्या सीट काढायच्या आणि पलंग, ओटा, बेसिन, एसी बसवून त्यांचं मोटरहोम करून द्यायचं, हा आमचा धंदा. सुतारकाम आणि पत्र्याचं काम मिस्त्रींचं, वायरिंग माझं. माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर 'वायरमन' असंच छापलंय. मिस्त्री नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडचे. फार बोलत नाहीत, पण बोलले की विषय संपतो.

गाडी धर्माधिकारी सरांची. सर म्हणजे नगरमधल्या निम्म्या लोकांचे विज्ञानाचे सर. माझेही. त्यांच्या मिसेसना आम्ही सगळे बाई म्हणतो, कारण त्याही शिक्षिका होत्या, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. रिटायर झाल्यावर दोघांनी आमच्याकडून मोटरहोम करून घेतलं. महिन्यातले आठ-दहा दिवस दोघं गाडीतच राहतात. टपावर एसी आहे, आणि त्या एसीला 'आता चालू हो, आता बंद हो' असं सांगायला आतल्या भिंतीवर थर्मोस्टॅट. आम्ही बसवलेला अगदी साधा होता. गोल बटण, डावीकडे फिरवलं की गार, उजवीकडे फिरवलं की कमी गार. तीन वर्षं तो बिनबोभाट चालला.

मग सरांच्या मुलाने, निखिलने, परदेशातून वडिलांच्या वाढदिवसाला स्मार्ट थर्मोस्टॅट पाठवला. मोबाईलवर चालणारा. सर ते खोकं छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले.

*

जुना थर्मोस्टॅट काढायचं काम माझं. सर मागे उभे. मी आता पंचेचाळीस वर्षांची आहे, पण सर मागे उभे राहिले की मी आजही 'येस सर' म्हणायच्या तयारीत असते.

नव्या मशीनच्या कागदावर पहिलीच सूचना होती: जुन्या वायरी सोडवण्याआधी कुठल्या रंगाची वायर कुठे लागली आहे याचा फोटो काढून ठेवा. मी फोटोसाठी मोबाईल हातात घेतला आणि झाकण उघडलं. आत पाच वायरी होत्या. पाचही लाल.

तीन वर्षांपूर्वी गाडी करताना लाल वायरचंच बंडल शिल्लक होतं, आणि 'खुणा नंतर करू' असं म्हणणारी मीच होते. मी झाकण हळूच परत लावायला गेले, तेवढ्यात सर वाकून बघायला लागले.

"रेखा, यातली पंख्याची कुठली?" शाळेत विचारायचे अगदी त्याच आवाजात.

मी म्हणाले, "सर, लाल."

सर सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "बस खाली."

आणि मी खरंच पलंगावर बसले.

शेवटी बाई धावून आल्या. त्यांच्या पिशवीत विणकामाची लोकर असतेच. मी मीटर लावून एकेक वायर ओळखायची आणि बाईंनी तिला एका रंगाच्या लोकरीचा तुकडा बांधायचा. शिवणाच्या बाई त्या, गाठी अशा बारीक मारल्या की आजही सुटलेल्या नाहीत. मध्ये सर पुण्याला गेले असताना तिथल्या कुठल्याशा मेकॅनिकने ते झाकण उघडलं, तर त्याचा मला फोन आला. फार आदराने विचारत होता, "मॅडम, जांभळी लोकर म्हणजे कॉमनची वायर ना?"

*

वायरी ओळखल्या, निखिलचं मशीन भिंतीवर बसवलं, मेन स्विच चालू केला. काही नाही. नुसती काळी काच. मी परत सगळं तपासलं. बॅटरीकडून बारा व्होल्ट बरोबर येत होते. मिस्त्रींनी मशीनला दोन टपल्या मारून बघितल्या. तरी काळी काच.

सरांनी खिशातून भिंग काढलं आणि मशीनच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. मग भिंग माझ्या हातात दिलं. लेबलवर लिहिलं होतं: चोवीस व्होल्ट, एसी.

हा एसी म्हणजे गार हवेचा नव्हे. हा एसी करंट, पुढेमागे दिशा बदलत वाहणारा. गाडीच्या बॅटरीतून येतो तो डीसी, एकाच दिशेने जाणारा. निखिलने पाठवलेलं मशीन तिकडच्या घरांच्या भिंतीसाठी होतं. आमच्या गाडीत ते कधीच लागणार नव्हतं.

सर पलंगावर बसून राहिले. मला वाटलं, मुलाने एवढ्या हौसेने पाठवलं आणि लागत नाही, म्हणून वाईट वाटलं असेल. मी म्हणाले, सर, बारा व्होल्टवर चालणारं गाडीचं वेगळं मिळतं, मागवू. सरांनी मान हलवली.

"ते नाही गं. दहावीला असताना सहामाहीत निखिलला मी याच धड्यावर नापास केला होता. एसी आणि डीसी यांतला फरक स्पष्ट करा. त्याची आई माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हती."

बाई ओट्यापाशी लोकर गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा दिवस."

सरांनी तिथूनच निखिलला फोन लावला. मला वाटलं, आता याची खैर नाही. पण सर फोनवर म्हणाले की मशीन फार सुंदर आहे, आईलाही आवडलं, आणि आज रेखाने बसवलं. लागत नाही हे त्यांनी अवाक्षराने सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "एका मुलाला एकाच धड्यात किती वेळा नापास करायचं?"

ते मशीन आता सरांच्या घरी टेबलावर आहे. पेपरवेट म्हणून फार चांगलं आहे म्हणतात.

*

बारा व्होल्टचं मशीन आठवड्याने आलं. ते लावल्याबरोबर काच उजळली. मला मोठा आनंद झाला. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला म्हणून मी तिकडे गेले आणि भोवतीची लाकडी पट्टी ठोकायला मिस्त्री आत राहिले.

पाच मिनिटांनी बाहेर आले तर गाडीचं दार सताड उघडं. गॅसचा सिलिंडर गाडीतून निघून गेटपाशी लिंबाखाली जाऊन बसलेला. गाडीच्या पायरीवर वाळूची बादली. मिस्त्री आपली हत्यारं एकेक करून बाहेर आणत होते. धावपळ नाही की आरडाओरड नाही.

मी विचारलं, काय झालं?

"ताई, आत शहाऐंशी झालंय," मिस्त्री म्हणाले. "सिलिंडर बाहेर काढलाय. तुमी जरा लांब उभ्या ऱ्हावा."

त्याच वेळी सर आले. ते सरळ आत गेले, काच बघितली आणि बाहेर येऊन म्हणाले की मिस्त्री, ते फॅरनहाइट आहे. मिस्त्रींनी विचारलं, ते काय असतं? झालं. सरांना असा प्रश्न विचारायचा नसतो. त्यांनी खिशातलं पेन काढलं, खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं. शहाऐंशीतून बत्तीस वजा करायचे, पाचाने गुणायचं, नवाने भागायचं, उत्तर तीस. म्हणजे आपले नेहमीचे तीस अंश. मशीन तिकडच्या हिशेबाने आकडा दाखवतंय, एक बटण दाबलं की आपल्या हिशेबाने दाखवेल. मिस्त्रींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आग न्हाई?"

"नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. तीस अंश."

मिस्त्रींनी सिलिंडरकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं. "मग सर, सिलिंडर तुमी आत ठिवा."

*

हे नवं मशीन दिवसभराचं तापमान लिहून ठेवतं आणि मोबाईलवर त्याचा आलेख काढतं. सरांना दुसरं काय पाहिजे! पहिल्याच फेरीला दोघं भंडारदऱ्याला आठ दिवस राहून आले आणि आल्याआल्या सर आलेख घेऊन वर्कशॉपला हजर. मोबाईलमधला होताच, शिवाय त्यांनी तो हाताने आलेखाच्या कागदावर परत काढून आणला होता. पेन्सिलने, पट्टी लावून.

रेघ सपाट होती, पण रोज तीन ठिकाणी तिला उंटासारखी मदार येत होती. सकाळी सात, दुपारी चार, संध्याकाळी पावणेसहा. आणि दर वेळी त्यानंतर एसी जोरात चालायचा. भंडारदऱ्याला, तेही ऐन थंडीत! सरांनी कारणही शोधून आणलं होतं. थर्मोस्टॅट जुन्याच्या जागी बसवलेला, म्हणजे ओट्याच्या वर, गॅसपासून हातभर अंतरावर. खाली चहा ठेवला की वाफ थेट त्याच्या तोंडावर. त्याला वाटायचं, गाडी तापली. जुन्या बटणाचंही तेच होत असणार, पण ते काही लिहून ठेवत नव्हतं.

सर हे सगळं फार रंगून सांगत होते. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. बाई शेजारी बसून कागद बघत होत्या.

"सातचा चहा माझा," बाई म्हणाल्या. "चारचाही माझा. पावणेसहाला मी रोज धरणाकडे फिरायला जाते."

सरांना डायबेटिस आहे. डॉक्टरांनी दिवसाला दोन कप चहा सांगितलाय, तोही बिनसाखरेचा. मिस्त्रींनी रंधा उचलला आणि पलीकडे निघून गेले. सरांनी कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"रेखा, हे यंत्र तिथून हलवायला हवं. जागा चुकीची आहे."

"नको," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर जागी आहे."

शेवटी मी ते हलवून पलंगाच्या उशाशी घेतलं. पण बाईंच्या परवानगीने, आणि साखरेचा डबा त्यांच्या कपाटात गेल्यावर.

*

त्या चहाच्या भानगडीत एसी उगाच चालून बॅटरी लवकर उतरत होती. म्हणून मी मोबाईलमधली आणखी एक सोय चालू करून दिली: घरातलं माणूस बाहेर गेलं की मशीन आपोआप एसी बंद करतं, माणूस परत आलं की चालू करतं. माणूस घरात आहे की नाही हे त्याला कळतं फोनवरून. फोन घरी, म्हणजे माणूस घरी. मला वाटलं, सरांना आवडेल.

एप्रिलमध्ये दोघं कर्जतजवळ बाईंच्या एका मैत्रिणीच्या शेतावर गाडी लावून राहिले. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. दुपारी सव्वा वाजता एसी बंद पडतो, सव्वादोनला चालू होतो. संध्याकाळी सहाला बंद पडतो तो सकाळी नऊलाच सुरू होतो. आणि काल रविवारी तर दिवसभर लागलाच नाही. "रेखा," सर म्हणाले, "हे यंत्र नोकरीला असल्यासारखं वागतंय."

कर्जतचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते मिस्त्रींना विचारा. मी दोन दिवस फोनवरून सरांकडून काय काय करून घेतलं. फ्यूज बघा, बॅटरी बघा, मशीन बंद करून परत चालू करा. सरांनी सगळं करून वहीत लिहून ठेवलं. काही फरक पडेना. बाई दुपारी मैत्रिणीच्या गोठ्यात जाऊन बसायला लागल्या, तिथे जास्त गार होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सरांशी फोनवर बोलत होते. सव्वा वाजला. मिस्त्रींनी हात पुसले, गाडीला किक मारली आणि जेवायला घरी निघाले. दोन मिनिटांनी सर तिकडून म्हणाले, "गेला बघ." माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सरांचा फोन चार्जिंगला होता. म्हणून आम्ही सगळी नोंदणी मिस्त्रींच्या फोनवर केली होती आणि सरांचा फोन नंतर जोडला होता. 'आपलं घर कुठे आहे' असं मशीनने विचारलं, तेव्हा 'इथेच' म्हणून बटण दाबलं होतं. मशीनच्या मते घर म्हणजे आमचं वर्कशॉप आणि घरमालक म्हणजे अंकुश मिस्त्री. ते जेवायला गेले की कर्जतला एसी बंद.

सव्वादोनला मिस्त्री आले. सर फोनवर म्हणाले, "आला." खात्री करावी म्हणून मी मिस्त्रींना सांगितलं, पुढच्या चौकापर्यंत जाऊन या. ते गेले. सर म्हणाले, "गेला." ते आले. "आला." परत पाठवलं. "गेला." तिसऱ्या वेळी मात्र मिस्त्री गाडीवरून उतरलेच नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "माझं काय चुकलंय का?"

हे बदलायला मिस्त्रींच्या खात्याचा पासवर्ड लागत होता, तो होता त्यांच्या मुलीकडे, आणि ती परीक्षेला पुण्यात. ती परत येईपर्यंत दोन दिवस मिस्त्री फोन वर्कशॉपमध्ये ठेवूनच घरी जात होते. सरांचा निरोप आला, एसी उत्तम. मिस्त्रींच्या मिसेसचाही निरोप आला: काम झालं तरी फोन आणखी चार दिवस देऊ नका, माणूस किती वर्षांनी ताटाकडं बघून जेवतोय.

पुढे ती सोय मी बंद केली. पण मिस्त्रींचा फोन काढून टाकू का विचारलं, तर सर नको म्हणाले. लक्ष ठेवायला आणखी कुणीतरी असलेलं बरं.

*

ते बरं की कसं, ते माईंच्या वेळेला कळलं. माई म्हणजे बाईंची मावशी, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना हवापालट म्हणून सर आणि बाई एक दिवस हिवरे बाजारला घेऊन गेले. डोंगरावरचे पाण्याचे चर बघायला सर निघाले, बाईही निघाल्या. माईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गाडीतच थांबल्या. एसी लावलेला, दार ओढून घेतलेलं. सरांचा फोन गाडीतच राहिला, आणि बाई फोन बाळगत नाहीत.

इकडे वर्कशॉपमध्ये मिस्त्रींचा फोन वाजला. त्यांनी बघितला आणि हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

"ताई, सरांच्या गाडीत एकेचाळीस. आन् ह्ये फॅरनहाइट न्हाई."

मे महिना होता. सकाळी टायरला हवा भरायला गाडी आमच्याकडे आली होती, तेव्हा माईंना आम्ही आत बसलेलं बघितलं होतं. मी सरांचा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. आकडा बेचाळीस झाला. बंद गाडीत म्हातारं माणूस, पत्र्याचं छत, आणि ते वायरिंग मी केलेलं. मला पुढचं काही सुचेना.

मिस्त्रींना सुचलं. त्यांच्या साडूचा भाऊ तिथे डेअरीवर दूध घालायला जातो. त्याला फोन लावून त्यांनी सांगितलं, पांढरी मिनीबस आहे, आत म्हातारी अडकलीय, असशील तसा पळ. तो दोन माणसं घेऊन पळाला. आम्ही दोघं फोनकडे बघत उभे. त्रेचाळीस. मिस्त्री तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांना देवाचं नाव घेताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दहा मिनिटांनी फोन आला. मिस्त्रींनी स्पीकर लावला.

"दाजी," साडूचा भाऊ म्हणाला, "तुमी म्हनला म्हातारी भाजतीया. हितं तर विरजन लागायचं न्हाई एवढी थंडी हाय."

झालं असं होतं की एसीने माईंना थंडी वाजायला लागली. उशाशी भिंतीवर एक डबी चमकत होती, तिच्यातूनच गारठा येतो असं त्यांना वाटलं. गुडघे शेकायला त्या गरम पाण्याची रबरी पिशवी बरोबर ठेवतात. त्यांनी ओट्यावर पाणी गरम केलं, पिशवी भरली आणि टॉवेलने त्या डबीवरच बांधली. डबीला वाटलं गाडी पेटली, तिने एसी पूर्ण जोरात सोडला. माईंना जास्त थंडी वाजली. त्यांनी पाणी आणखी गरम करून भरलं.

माणसं आत शिरली तेव्हा माई दोन गोधड्या, सरांचा स्वेटर आणि कानटोपी घालून शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आलात ते आलात, दार लावून घ्या."

*

राहिला तो शेवटचा. सरांना एसी तेवीसवर लागतो, बाईंना सत्तावीसच्या खाली सोसत नाही. एकाने लावायचं, दुसऱ्याने येता-जाता बदलायचं, असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी सर एकटेच वर्कशॉपला आले आणि मला म्हणाले की या मशीनला कुलूप घालता येतं ना? येतं. चार आकडी नंबर ठेवायचा. तो दाबल्याशिवाय तापमान बदलत नाही. मी कसं करायचं ते दाखवलं, आणि आकडे दाबताना सरांनी मला आणि मिस्त्रींना तोंड फिरवून उभं केलं. तेवीसवर कुलूप लावून सर खुशीत घरी गेले.

महिन्याभराने एसीची जाळी साफ करायला गाडी आली. सर आणि मिस्त्री टायरवाल्याकडे गेले. गाडीत मी आणि बाई. बाईंनी मला विचारलं, तुला नंबर माहीत आहे का? मी खरं तेच सांगितलं, नाही. बाई म्हणाल्या की त्यांनी सगळं करून बघितलंय. सरांची जन्मतारीख, निखिलची, लग्नाची, रिटायरमेंटचं साल, सरांच्या शाळेचं स्थापनेचं सालसुद्धा. पाच वेळा चुकलं की मशीन अर्धा तास काही ऐकत नाही. महिनाभर त्या रोज पाच वेळा चुकत होत्या.

"यांच्या लक्षात तरी काय राहतं," त्या म्हणाल्या. "भाजीला पाठवलं तर यादी घरी. लग्नाचा वाढदिवस मी सांगायचा. चार आकडे म्हणजे यांना—"

आणि बोलता बोलता थांबल्या. मशीनसमोर उभ्याच होत्या. त्यांनी एक आकडा दाबला. थोडं थांबून दुसरा. मग उरलेले दोन पटकन. काचेवर हिरवा दिवा लागला.

बाई एक हात भिंतीला लावून तशाच उभ्या राहिल्या. मी विचारलं, "बाई, कुठला नंबर होता?"

"आमच्या संगमनेरच्या घरचा फोन." त्या म्हणाल्या, "तेव्हा चारच आकडे असायचे. लग्नाआधी हे तिथल्याच शाळेत होते. दर शनिवारी पोस्टातून फोन करायचे. माझ्या वडिलांनी उचलला की राँग नंबर म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. तो फोन काढून टाकला, ते घरही गेलं. मी स्वतः विसरले होते तो नंबर."

काचेवर तेवीस दिसत होते. बटण मोकळं होतं. मला वाटलं, आता सत्तावीस करतील.

बाहेर टायर टेकवल्याचा आवाज आला, मिस्त्री आणि सर बोलत येत होते. बाईंनी बोट लावून कुलूप परत घातलं. लागलंय ना, ते एकदा दाबून बघितलं. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उठले होते, ते पदराने पुसले. मग पलंगावर जाऊन बसल्या आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

सर पायरी चढून आत आले.

"अहो," बाई म्हणाल्या, "फार गार होतंय. जरा वाढवता का?"

सर मशीनपाशी गेले, आमच्याकडे पाठ केली, आकडे दिसू नयेत म्हणून डावा हात आडवा धरला, आणि नंबर दाबला.